परक्या शहरातील चार दिवसांची सेवा

गेल्या साठसत्तर वर्षांत ख्रिस्ती जगात एक नवी रीत पडली आहे. पूर्वी परदेशी धर्मसेवेला निघालेला माणूस घरच्यांचा बहुधा अखेरचा निरोप घेऊनच जहाजात बसे. आता तो नोकरीवरून दोन आठवड्यांची रजा काढतो, विमानाने एखाद्या अनोळखी शहरात उतरतो, आठदहा दिवस तेथे सेवा करतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा कामावर हजर होतो. याला अल्पमुदतीची मिशन-यात्रा म्हणतात. अमेरिकेतील जॉर्ज व्हर्वर नावाचा विद्यार्थी १९५७ साली दोन मित्रांना बरोबर घेऊन धर्मपुस्तके भरलेल्या गाडीने मेक्सिकोत गेला. त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ काढली. पाहता पाहता ही रीत एवढी वाढली की, २००५ सालच्या एका पाहणीवरून अभ्यासकांनी अंदाज काढला तो असा : एकट्या अमेरिकेतील सुमारे सोळा लाख चर्च-सभासद वर्षाकाठी अशा यात्रेला परदेशी जात होते.

शहापूर-मुरबाडच्या श्रोत्यांना या विषयाचे काय, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हा विषय नावाने ख्रिस्ती असला तरी जातीने आपल्या ओळखीचा आहे. पावसाळा संपला की मुंबई-ठाण्याच्या गाड्या आपल्या पाड्यांवर येऊ लागतात. कोणी घोंगड्या वाटतो, कोणी वह्या वाटतो, कोणी रविवारी सकाळी शाळेची भिंत रंगवून संध्याकाळी परत जातो. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तिच्यामार्फत कॉलेजची मुले सात दिवसांचे शिबिर घेऊन गावात राहतात, बंधारा घालतात. यातले कोणी देवळाचे असतात, कोणी चर्चचे, कोणी कंपनीचे, तर कोणी कशाचेच नसतात. पाहुण्याच्या गळ्यात काय आहे यावरून प्रश्न बदलत नाही. प्रश्न एवढाच की, परक्या जागी चार दिवस केलेल्या सेवेचे मोल कसे ठरवावे?

एक गोष्ट प्रारंभीच बाजूला काढून ठेवतो. अशा यात्रेचे नाव निघाले की आपल्याकडे धर्मांतराचा वाद सुरू होतो आणि मूळ प्रश्न त्या धुरळ्यात नाहीसा होतो. आपल्या देशात परदेशी माणसाला पर्यटनाच्या परवान्यावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनऱ्यांचा निराळा व्हिसा लागतो. हा कायद्याचा भाग झाला आणि तो सरकारने पाहावा. आज आपण सेवेचा भाग पाहू, कारण त्याचा न्याय सरकार करीत नाही. तो ज्यांची सेवा झाली त्यांनीच करायचा असतो, आणि त्यांना बहुधा कोणी विचारीत नाही.

यात्रेत काय घडते?

प्रथम ही यात्रा असते कशी, ते पाहू. चर्चमधील दहावीस माणसांची एक तुकडी ठरते. त्यात विद्यार्थी असतात, दुकानदार असतात, एखादी परिचारिका असते, सेवानिवृत्त शिक्षक असतो. प्रवासखर्चासाठी प्रत्येक जण आप्तेष्टांना पत्रे लिहून वर्गणी मागतो. निघण्यापूर्वी काही बैठका होतात, रोगप्रतिबंधक लस टोचून घेतात, थोडी गाणी बसवतात. परक्या शहरात यजमान चर्च किंवा संस्था त्यांची राहण्याची सोय करते, दुभाष्या देते, मोटार देते. सकाळी प्रार्थना, मग झोपडवस्तीतील मुलांसाठी गोष्टी, गाणी आणि खेळ, दुपारी भिंत बांधणे, रंग देणे, अन्न वाटणे, औषधोपचाराचे शिबिर, रात्री दिवसभरात काय अनुभवले याची एकमेकांना सांगणी. शेवटचा दिवस शहर पाहण्यासाठी. निघताना डोळ्यांत पाणी येते, आणि ते खरे असते. या माणसांच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. रजेचे दिवस समुद्रकिनाऱ्यावर घालवता आले असते, ते त्यांनी परक्या वस्तीतील गटाराशेजारी घालवले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कोठेही काम चाललेले दिसले की तो दोन गोष्टी विचारतो : या कामाचे पैसे कोणाला मिळाले, आणि हे काम एरवी कोणी केले असते? भिंतीचेच घ्या. भिंत बांधणे हे गवंड्याचे काम. त्याच्या हाताखाली बिगारी लागतो, पाणी मारायला एक बाई लागते. वस्तीत ही तिन्ही माणसे आहेत आणि बहुधा त्या दिवशी रिकामी बसलेली आहेत. सातासमुद्रापलीकडून आलेला बँकेचा कारकून जेव्हा थापी हातात धरतो, तेव्हा भिंत वाकडी होते ती होतेच, पण गवंड्याचा रोजही बुडतो. फुकट राबणारे हात ही मजुराच्या बाजारात मोठी धोक्याची वस्तू आहे. एरवी फुकटचे हात मालक आणतो, म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते प्रेमाने आले म्हणजे ओळखू येत नाहीत, एवढाच फरक.

हा केवळ तर्क नव्हे. १९९८ साली ‘मिच’ नावाच्या वादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास देश उद्ध्वस्त केला. तेव्हा उत्तर अमेरिकेतून तुकड्यांमागून तुकड्या घरे बांधायला गेल्या. कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने पुढे त्या घरांतील लोकांची पाहणी केली आणि २००६ साली निष्कर्ष छापले. पाहुण्यांनी बांधलेल्या घरातील कुटुंबे आणि स्थानिक संस्थांनी बांधलेल्या घरातील कुटुंबे यांच्या स्थितीत त्याला म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. खर्च मात्र असा होता : एका घराला सुमारे दोन हजार डॉलर, आणि एका तुकडीच्या यात्रेला सुमारे तीस हजार डॉलर. म्हणजे एका तुकडीच्या प्रवासखर्चात पंधरा घरे उभी राहिली असती, आणि ती बांधताना तेथल्या गवंड्यांना रोज मिळाला असता. ‘गेलेल्यांचे आयुष्य बदलते’ असा या यात्रेच्या बाजूने नेहमी दावा केला जातो. तोही त्याने तपासला. परत आल्यावर माणसे आपण बदललो असे मनापासून सांगत होती, पण दानाच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या तेव्हा फरक फारसा दिसला नाही.

तथापि एवढ्यावरून साऱ्या यात्रा निरर्थक ठरवणे हे घाईचे होईल. यात्रेच्या बाजूचे लोक म्हणतात, तीस हजार डॉलर यात्रेसाठी जमले. यात्राच नसती तर ते घरांसाठीही जमले नसते. यात तथ्य आहे. फाटलेल्या ओठाचे ऑपरेशन करणारा शस्त्रवैद्य दहा दिवस आला तरी दहा दिवसांत पन्नास मुलांचे जन्माचे कल्याण करून जाऊ शकतो, हेही खरे. तेव्हा दिवस मोजून निकाल लागत नाही. मग कसा लागतो? याचे उत्तर शोधायला फार लांब जाण्याचे कारण नाही. आपली मुंबई हे दोनशे वर्षे परदेशी धर्मसेवकांचे ‘परके शहर’ राहिले आहे, आणि तिचा अनुभव आपल्या समोर आहे.

मुंबईत उतरलेले परके

इ. स. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे तरुण अमेरिकन मुंबईला पोचले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तेथून धरतात. त्यांना येथे कोणी बोलावले नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या सरकारने त्यांना हद्दपारीचा हुकूम दिलेला होता. त्यात इंग्लंड व अमेरिका यांचे युद्ध जुंपले होते. मुंबईहून सिलोनला निसटू पाहिले तर कोचीनहून त्यांना पकडून परत आणले गेले. गव्हर्नर नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या करीत ते कसेबसे टिकले. नॉट यांची प्रकृती ढासळली आणि १८१५ साली ते मायदेशी परतले. म्हणजे मुदतीच्या हिशेबाने तेही अल्पमुदतीचेच ठरले. हॉल मात्र राहिले. ते मराठी शिकले, बाजारात उभे राहून मराठीत बोलू लागले. १८२६ साली ते नाशिककडे दौऱ्यावर गेले असता तेथे पटकीने कहर मांडला होता. आजाऱ्यांना जवळची औषधे देत ते परत फिरले आणि वाटेतच पटकीने गेले. वय उणेपुरे बेचाळीस.

तेरा वर्षांत हॉल यांच्या उपदेशाने किती माणसे ख्रिस्ती झाली म्हणाल, तर जवळजवळ कोणीच नाही. त्यांनी ठरवलेल्या मापाने मोजले तर काम फसले. पण त्यांच्या मिशनने मुंबईत एक छापखाना घातला होता. धर्माची पुस्तके मराठीत छापावयाची एवढाच त्याचा हेतू. त्या छापखान्याचे पुढचे प्रमुख टॉमस ग्रॅहॅम यांनी मराठी अक्षरांचे खिळे सुबक करण्यासाठी पुष्कळ खटपट केली. त्या काळात मुंबईतील एका गरीब घरातला एक मुलगा त्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर टाइप घासायला लागला. खिळ्याच्या कडेचे शिसे घासून तो सारखा करायचा, हे तेथले अगदी शेवटच्या पायरीचे काम. मुलाचे नाव जावजी दादाजी. शाळा जवळजवळ झालेली नाही. पण खिळा हातात खेळत होता आणि डोळे उघडे होते. पुढे दोनतीन छापखान्यांत काम करून त्याने १८६४ साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू या मित्राने पोलादी ठशांवर कोरलेली त्याची देवनागरी अक्षरे इतकी डौलदार निघाली की, संस्कृत ग्रंथ छापावे तर निर्णयसागरानेच, अशी देशभर ख्याती झाली.

यातली मौज ध्यानात घेण्याजोगी आहे. परक्यांनी छापखाना घातला तो बायबलसाठी, आणि त्यात तयार झालेल्या हातांनी छापली काव्ये, शास्त्रे आणि स्तोत्रे. मिशनच्या हेतूच्या दृष्टीने हा विपर्यास म्हणावा लागेल. पण मी म्हणतो, त्या छापखान्याची खरी सेवा तीच. कसब एकदा कामगाराच्या हातात उतरले की ते मालकाचे राहत नाही, शिकवणाऱ्याचेही राहत नाही. ते त्याच्या घरी जाते, आणि तो त्याचे काय करील हे तोच ठरवतो.

दुसरे उदाहरण मुलींच्या शाळेचे. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली सिंथिया फरार नावाच्या अविवाहित बाई या कामासाठी अमेरिकेहून आल्या. मध्ये दोन वर्षे त्या मायदेशी गेल्या, पुन्हा आल्या, अहमदनगरला शाळा चालवली आणि १८६२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांची नगरची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली, आणि पुण्यास परतून १८४८ साली आपली मुलींची शाळा काढली. फरारबाईंना पस्तीस वर्षांच्या आसपासच्या साऱ्या सेवेत जे साधले नसते, ते एका तरुण पाहुण्याने त्यांचे काम नीट पाहून साधले. फुले तेथे किती दिवस होते? थोडेच. पण ते शिकायला गेले होते, आणि शिकलेले घेऊन आपल्या गावी परतले. थोड्या मुक्कामाचा एवढा मोठा उपयोग दुसरा मला ठाऊक नाही.

नागपाड्याची किल्ली

आता आमच्या धंद्याच्या जवळचे उदाहरण घेतो. गेल्याच्या मागल्या शतकात लंडनच्या सुखवस्तू लोकांना पूर्व भागातील गरीब वस्त्या ‘पाहायला’ जाण्याचा छंद लागला होता. घटकाभर हिंडावे, हळहळावे, थोडे नाणे द्यावे आणि परत यावे. या छंदाचा वीट येऊन सॅम्युएल बार्नेट या धर्मोपदेशकाने १८८४ साली टॉयन्बी हॉल काढला. कल्पना अशी की, वस्तीची सेवा करायची तर वस्तीत येऊन राहावे. १८८९ साली शिकागोत जेन अॅडम्स यांनी हल हाउस काढले ते त्याच धर्तीवर.

त्या शिकागोत शिकलेला क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आला. त्याने जागा निवडली नागपाडा. एका अंगाला कामाठीपुरा, चहूकडे गिरण्या-गोदीतला कामगार, हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती सगळे एका चाळीत. लवकरच तेथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू झाले. दवाखाना, वाचनालय, रात्रीचे वर्ग, पोरांना खेळायला जागा. नागपाड्याचे बास्केटबॉल खेळाडू पुढे देशभर गाजले, त्याचे मूळ या अंगणात आहे.

पण मॅन्शार्टचे मोठेपण दवाखान्यात नाही. त्याच्या ध्यानात आले की, आपण अमेरिकेहून किती माणसे आणणार? या देशाची शहरे वाढत आहेत, गिरण्या वाढत आहेत. हे काम या देशाच्याच माणसांनी शिकून केले पाहिजे. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ साली नागपाड्याच्या त्याच घरात समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी. मॅन्शार्ट तिचा पहिला संचालक. १९४१ साली तो निघाला आणि संचालकाच्या खुर्चीवर डॉ. जे. एम. कुमारप्पा बसले. १९४४ साली त्या शाळेचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ असे झाले, पुढे ती देवनारला गेली आणि १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण-अधिकारी नेमणे सक्तीचे केले. असे पुष्कळ अधिकारी या संस्थेत शिकून बाहेर पडले. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणाऱ्या त्यांच्याशी आम्ही अनेकदा भांडलो आहोत. तो त्यांचा आणि आमचा धर्मच आहे. पण भांडायला समोर शिकलेला माणूस असणे आणि मुकादमाचा दंडुका असणे यात किती अंतर आहे, ते ज्याने दोन्ही पाहिले त्यालाच कळेल. सांगायचे तात्पर्य हे की, परका माणूस आला, वस्तीत राहिला, घर बांधले, आणि निघताना किल्ली येथल्या माणसाच्या हातात देऊन गेला. किल्ली देता येणे हीच सेवेची परीक्षा.

चार दिवस आणि एक मोटार

कोणी म्हणेल, ही सारी वर्षांची, तपांची उदाहरणे झाली. चार दिवसवाल्यांचे काय? तर अगदी मोजून चार दिवसांचे उदाहरण देतो. १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले. २ तारखेला आले, ५ तारखेला गेले. त्यांच्या फिरण्यासाठी एक मोठी उघडी लिंकन मोटार अमेरिकेतून भेट आली होती. जाताना त्यांनी ती मदर तेरेसा यांना देऊन टाकली. मदर तेरेसांनी मोटारीत पाऊलही न ठेवता तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला लावला. पोपना कुष्ठरुग्णांची जखम चार दिवस धुता आली असती. छायाचित्रेही पुष्कळ निघाली असती. त्यांनी आपल्याजवळचे किमतीचे जे होते ते, जी बाई येथे कायमची राहणार होती तिच्या हवाली केले, आणि त्याचे काय करायचे ते तिच्यावर सोडले. चार दिवसांच्या पाहुण्याला यापेक्षा शहाणपणाची गोष्ट करता येत नाही.

आणि उलट दिशेचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेथे ख्रिस्ती झाल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई तेथे अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. शाळा पाहिल्या, लहान मुलांना खेळातून शिकवण्याची बालोद्यान-पद्धती शिकून घेतली, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ साली त्यांच्या कार्यासाठी बोस्टनला मंडळ स्थापन झाले. परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. त्याच साली अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे मराठी पुस्तकही निघाले. ही बाई परक्या शहरात गेली ती कोणाचा उद्धार करायला नव्हे. तिने पाहिले, विचारले, शिकली, आणि तेथल्या लोकांना आपल्या देशातील विधवांची हकीकत सांगून त्यांनाही शिकवले. दोन्हीकडे देणे आणि घेणे झाले. मिशन-यात्रेचा खरा नमुना मला कोणी विचारला, तर मी रमाबाईंची ही यात्रा दाखवीन.

आपल्या अंगणातील हिशेब

आता मुंबईहून कसारा लोकल धरून आपल्या अंगणात येऊ. १८९२ साली तानसा धरण पुरे झाले, पुढे मोडकसागर झाला, भातसा झाला. मुंबई जे पाणी पिते त्यातले फार मोठे पाणी या शहापूरच्या डोंगरांतून जाते. आणि ही व्याख्यानमाला चालू असताना, या चैत्र-वैशाखात, त्याच तालुक्यातील बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसलेल्या असतात. तेव्हा मुंबईचा दाता पाड्यावर घोंगडी घेऊन येतो त्या वेळी देणे कोणाचे कोणाकडे आहे, याचा हिशेब एकदा मांडावा लागेल. मी दात्याला हिणवीत नाही. बिचाऱ्याला हे माहीतच नसते, आणि चार तासांच्या भेटीत त्याला ते कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट. पाहुण्यांचा हंगाम म्हणजे थंडीचे दिवस. त्याच दिवसांत कातकऱ्यांची कुटुंबे पाड्यावर नसतात. दिवाळी झाली की ती वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, आणखी दूर. आणि परततात पावसाच्या तोंडाशी. पाड्यावर उरतात म्हातारी माणसे. घोंगडी त्यांना मिळते हे चांगलेच झाले. पण कुटुंब भट्टीवर का गेले? पावसाळ्यात पोटासाठी घेतलेल्या उचलीपायी. उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, फिटले किती, हे मालकाच्या वहीत असते, आणि वही मजुराला वाचता येत नाही. वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा १९७६ साली झाला. पण वहीतली वेठ कायद्याला सहजासहजी दिसत नाही. घोंगडीने थंडी भागते, उचल भागत नाही.

मग चार दिवसांच्या पाहुण्याने करावे काय? माझे म्हणणे असे की, जो ज्या कामात तरबेज आहे त्याने ते काम येथल्या माणसाला शिकवावे. बँकेच्या कारकुनाने थापी धरू नये. त्याने चार दिवसांत दहा बायकांना उचलीचा आणि विटांचा हिशेब आपल्या वहीत लिहून ठेवायला शिकवावे. वकिलाने अर्ज कसा करावा आणि त्याची पोच कशी घ्यावी हे शिकवावे. परिचारिकेने औषध वाटण्यापेक्षा आशाताईच्या हाताखाली बसावे, तिची अडचण विचारावी आणि तिला जे येत नाही ते दाखवावे. भिंत बांधायचीच असेल तर गवंड्याचा रोज द्यावा आणि आपण त्याच्या हाताखाली पाट्या टाकाव्या. म्हणजे हुकूम कोणाचा चालतो हेही कळेल. येण्यापूर्वी भाषेचे शंभर शब्द शिकावे, आणि त्यात ‘द्या’ आणि ‘घ्या’ यांच्या आधी ‘काय म्हणता?’ हे असावे. उघड्यानागड्या पोरांची छायाचित्रे काढू नयेत; आपल्या पोरांची अशी छायाचित्रे परक्या गावात लागलेली आपल्याला चालतील काय, एवढे मनाला विचारावे.

हे पाहुण्याचे झाले. पण यजमानाचेही काही आहे, आणि या व्याख्यानमालेला बसलेली आपण मंडळी बहुधा यजमान आहोत. पाहुणा चुकतो याचे निम्मे कारण हे की, आपण त्याला सांगत नाही. गाडी आली की आपण रांग लावतो, फुले देतो, हात जोडतो, आणि मागे बोलत बसतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. लोखंडे आपल्या ठाण्यात जन्मलेले. रविवारची सुट्टी ही त्यांची एक मागणी. रविवार हा साहेबाच्या चर्चचा दिवस खरा, पण लोखंड्यांनी साहेबाच्या धर्माचे नाव घेऊन तो मागितला नाही. रविवार हा खंडोबाचा वार आहे आणि सहा दिवस राबलेल्या माणसाला एक दिवस आपल्या घरासाठी व समाजाच्या कामासाठी हवा, असे त्यांनी सांगितले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली. परक्याजवळचे चांगले असेल ते घ्यावे, पण आपल्या कारणासाठी, आपल्या नावाने आणि आपण ठरवून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि उपकाराचे ओझेही राहत नाही.

यासाठी एक सोपी गोष्ट प्रत्येक गावाला करता येईल. ग्रामसभेत बसून, बाया आणि पाड्यावरची माणसे हजर असतील अशा वेळी, म्हणजे भट्टीवरून लोक परतल्यावर, गावाला खरोखर काय हवे त्याची यादी लिहून ठेवावी. पाण्याची टाकी दुरुस्त करायची असेल, एखाद्या मुलीला परिचर्येच्या शिक्षणाला पाठवायचे असेल, रेशनकार्डे अडली असतील, ते सारे त्यात यावे. सेवा करू इच्छिणारा कोणीही आला, परदेशी असो की परळचा, तर त्याला प्रथम पाणी द्यावे, मग ही यादी त्याच्या पुढे ठेवावी आणि विचारावे : दादा, यातले तुम्हाला काय येते? आणि ते आमच्यातल्या कोणाला शिकवून जाल? ज्याला सेवा करायची आहे तो थांबेल. ज्याला केवळ सेवा केल्याचे समाधान हवे आहे, तो दुसरे गाव शोधील. दोघांचाही वेळ वाचेल, आणि आपली माणसे रांगेतून उठून हिशेबाला बसतील.